हाक मारण्याजोगं नाव

ता. ३ मार्च

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वहिनीच्या भावाचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. मुलगी झाली एवढंच ऐकू आलं, कारण समोर एक आजोबा चष्म्याच्या नंबरावरून भांडत होते. मी त्यांना सांगितलं की आजोबा, मी आत्या झाले. ते म्हणाले की झालीस ना, मग आता माझा नंबर लाव.

बाकीचं संध्याकाळी कळलं. दिवस भरायच्या बरीच आधी आली, वजन कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय आणि डॉक्टर अजून काही ठामपणे सांगत नाहीत. आईला मी फक्त मुलगी झाली असं सांगितलं. बाकीचं तिने माझ्या तोंडावरून ओळखलं. रोज उठून विचारते की पोरगी कशी आहे. तेव्हा रोज काहीतरी कळवत जा.

फोनवर मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. दिवसभर नावं पुकारून घसा बसतो, आणि तू फोनवर हं हं एवढंच करतोस. पत्रात निदान तुला वाक्य पूर्ण करावं लागतं.

आता कामाचं. तू शाळेत असताना मला एक शब्द दिला होतास की माझ्या पोरीचं नाव तूच ठेवायचंस. त्या वेळी तुझ्या नाकाला शेंबूड होता, पण शब्द तो शब्द. मी नाव काढून ठेवलंय. आजचं नाही, कितीतरी वर्षांपूर्वीचं आहे. पेटीतून बाहेर येऊ दे, मग येऊन सांगते.

हल्ली दवाखान्यात येणाऱ्या मुलांची नावं ऐकलीस तर चाट पडशील. आईच्या नावाचं शेपूट बापाच्या नावाच्या डोक्याला चिकटवायचं आणि जे काही निघेल ते पोराच्या गळ्यात बांधायचं. गेल्या आठवड्यात एक आई मोठ्या तोऱ्यात सांगत होती की हे नाव अख्ख्या शहरात दुसऱ्या कोणाचं नाही. मी पुकारलं तर तीन बायका उठल्या. एका बाळाच्या नावाचा अर्थ शांतता असा होता, त्याने दवाखाना डोक्यावर घेतला. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की नाव ही ज्याची त्याची आवड. त्यांना काय, ते आत बसतात. बाहेर पुकारावं मला लागतं. आमच्याकडे डोळ्यांत थेंब घातले की माणसं डोळे मिटून बाकावर बसतात. तेवढा वेळ त्यांच्याजवळ फक्त कान असतात. ज्याचं नाव हाकेत नीट येतं तो झटकन उठतो. ज्याचं येत नाही तो शेजारच्याला कोपर मारून विचारतो की मला बोलावलं का.

म्हणून माझी परीक्षा एकच असते. दवाखाना रिकामा झाला की कॉरिडॉरच्या टोकाला उभं राहायचं आणि तीन हाका मारायच्या. नाव तिथपर्यंत पोचलं तर नाव, नाहीतर नुसती अक्षरं. भाचीचं नाव पोचतं. मी बघून ठेवलंय.

वहिनीला सांग, जेव. ती न जेवता पेटीशी बसली असणार.

कळावे. आहे तो लोभ पोरीच्या वाटणीत कमी करू नये.

तुझी
अक्का


ता. ९ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पोरगी बरी आहे. बरी म्हणजे कालच्यासारखीच आहे, आणि इथे तेवढं पुष्कळ समजतात. माझ्या तळहातात डोकं मावतं. नाकात नळी आहे, पायाला एक लाल दिवा बांधलाय. कान मात्र थेट तुझे. आईला हे सांग, म्हणजे ती म्हणेल की बिचारी.

ही दिवसभर पेटीशी असते. पेटीला दोन गोल झाकणं आहेत, त्यातून हात आत घालता येतो. डबा नेला तर जेवते, नेला नाही तर विचारत नाही. हिच्या शिवणाच्या दुकानातून निरोप आलाय की कपडे आल्टर करायचं काम साठलंय. मी त्यांना सांगितलंय की कापडं कुठे पळून जात नाहीत. मी सकाळी कामावर जातो आणि दुपारी इथे येतो. परवा एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक बाई आणि तिचा कुत्रा. सोडवलं. कुत्रा मला चावला नाही, बाई मात्र फार बोलली.

आता नावाचं. अक्का, रागावू नकोस आणि शेवटपर्यंत वाच.

पोरगी मधूनच श्वास घ्यायची विसरते. इतक्या लवकर आलेल्या बाळांचं असं होतं म्हणे. मशीन वाजतं, सिस्टर येऊन तळपायाला टिचकी मारते, मग ती पुन्हा घ्यायला लागते. पहिल्या दिवशी मशीन वाजलं तेव्हा सिस्टर पलीकडच्या पेटीशी होती. हिने आत हात घातला, पायाला बोट लावलं आणि म्हणाली की थांब गं, थांब. पोरीने श्वास घेतला. तेव्हापासून प्रत्येक वेळी हेच चाललंय. सिस्टरला वाटलं की आईने बाळाचं नाव घेतलं. तिने पेटीवरची चिठ्ठी बदलली. आधी तिथे बाळ असं लिहिलं होतं, आता थांब असं लिहिलंय. सगळा वॉर्ड तिला याच नावाने ओळखतो. थांबला दूध चढलं का, थांबचं वजन वाढलं का, असं चाललेलं असतं.

मी हसलो आणि म्हटलं की चिठ्ठी दुरुस्त करून घेऊ. ही हसली नाही. म्हणाली की राहू दे, तिचं नाव थांबच.

मी तिला तुझ्या हक्काची आठवण करून दिली. ती म्हणाली की अक्कांना विचारा. म्हणून विचारतो. गेल्या वेळचं तुला सगळं माहीत आहे, ते पुन्हा लिहीत नाही. माझी दोन्हीकडून ओढाताण चाललीय, काय करू ते तूच सांग.

कळावे. माझ्यावर चिडलीस तरी लोभ त्यातून वगळून ठेवावा.

तुझा
बारक्या


ता. १३ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद. उत्तम की साधे ते पत्र वाचून ठरव.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तिचं नाव थांबच, असं वाचून मला वाटलं की तू वाक्य अर्धवट टाकून लिफ्ट बघायला गेलास. मी पुढच्या ओळीत नाव शोधत बसले.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या पोरीचं नाव थांब! पाठोपाठ आणखी एक झाली तर तिचं दरवाजा बंद करा असं ठेवणार का? आणि हाक कशी मारायची तेवढं सांग. थांब, ये इकडे. थांब, पळ, बस सुटेल. थांब, थांबू नकोस. माझ्या दवाखान्यात आली तर मी तिला पुकारणार आणि ती सोडून सगळे जागच्या जागी उभे राहणार. मी आईला सांगितलं तर ती आधी हसली. मग आत जाऊन पडली.

आता चेष्टा बाजूला ठेवते. तू शेंडेफळ, तुला पुष्कळशा गोष्टी ऐकून माहीत आहेत. थोरली झाली तेव्हा घरात आनंद झाला. मधली झाली तेव्हा हरकत नाही म्हणाले. मी झाले तेव्हा माझं नाव पुरे ठेवलं. मुली आता पुरे, एवढाच त्याचा अर्थ, दुसरा काही असेल तर मला कोणी सांगितला नाही. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी हजेरीत माझं नाव पुकारलं आणि अर्धा वर्ग दप्तरं उचलून दाराकडे निघाला. पुढे वर्षभर त्याच विनोदावर शाळा चालली. मीही हसायचे. रडले असते तर आणखी हसले असते. नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी नाव विचारलं, मी सांगितलं, तर त्यांना वाटलं की मला मुलाखत नको झालीय.

ते नाव माझ्यासाठी नव्हतंच रे. तो वर पाठवलेला निरोप होता आणि मी नुसतं पाकीट. निरोप पोचला, तू झालास. पाकीट घरातच राहिलं.

तू बोलायला लागलास तेव्हा मला अक्का म्हणालास. थोरलीला नाही, मधलीला नाही, मला. बघता बघता सगळं घर मला अक्का म्हणायला लागलं, माझ्याहून मोठ्या दोघी बहिणीसुद्धा. मला हाक मारण्याजोगं पहिलं नाव तू दिलंस, म्हणून तुझ्या पोरीचं नाव मी मागून घेतलं होतं. या घरातल्या एका तरी पोरीला धड नाव मिळावं, नुसतं तिच्यासाठी ठेवलेलं, एवढंच माझ्या मनात होतं. आणि आता तुम्ही दोघं पुन्हा एका पोरीच्या कपाळावर निरोप चिकटवताय. वर जो कोणी बसलाय त्याला सांगायचं ते तोंडाने सांगा. पोरीला मध्ये घालू नका.

मी याला हो म्हणणार नाही. वहिनीला वाईट वाटेल, मला कळतंय. तरी नाही.

तिच्या वजनाचं कळव.

कळावे. लोभ आहे, पण सध्या त्याला हात लावू नये.

अक्का


ता. १९ मार्च

ती. अक्कांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी मला दाखवलं नव्हतं. शर्ट धुवायला टाकताना खिशात सापडलं आणि मी वाचलं. यांना सांगितलं तर म्हणाले की अक्काला नाव ठेवायला सांगितलं होतं, ती नावं ठेवायला बसली. मी म्हटलं की तसं बोलू नका. त्यांना उत्तर लिहायला जमत नाहीये, तीन कागद फाडले. म्हणून मीच लिहिते. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर लहान समजून सोडून द्या.

वजन थोडं वाढलंय. नळी अजून आहे. घरी कधी सोडणार ते डॉक्टर सांगत नाहीत, सोडणार का हेही मी आता विचारत नाही. कालपासून मशीन कमी वाजतंय.

अक्का, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचं खरं नाव मला माहीत नव्हतं. घरात सगळे अक्का म्हणतात, मला वाटलं तेवढंच आहे. पाकिटाचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या मुलीला असं कधी वाटावं, हे मला अजिबात नको आहे.

पण गेल्या वेळचं मला लिहायचं आहे. हे तो विषय टाळतात. आमची पहिली मुलगीही अशीच लवकर आली होती, याच वॉर्डात, खिडकीकडच्या पेटीत. तेव्हा सगळ्यांचं म्हणणं पडलं की नावाची घाई नको, घरी आली की छान शोधून ठेवू. तुमचंही तेच होतं आणि माझंही. कोणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. पेटीवर चिठ्ठी होती, बाळ. खोलीतल्या सगळ्याच पेट्यांवर तशी होती. ती जायला लागली तेव्हा मला तिला हाक मारायची होती, आणि माझ्याजवळ शब्दच नव्हता. मी बाळ म्हटलं असतं तर तिला कसं कळलं असतं की मी तिलाच बोलावतेय? मी नुसती हात आत घालून उभी राहिले. तेव्हापासून मला सगळ्यात जास्त त्याचाच त्रास होतो. गेली याचा होतोच, पण बिनहाकेची गेली याचा जास्त.

या वेळी मी ठरवून काही केलं नाही. मशीन वाजलं आणि तोंडातून थांब निघालं. तुम्ही म्हणता तसा तो निरोप नाही, अक्का. वर कोणाला सांगायला माझं तोंड वर नव्हतंच, मी खाली तिच्याकडे बघत होते. मी तिच्याशीच बोलले. आणि तिने ऐकलं. दर वेळी ऐकते. सिस्टर म्हणतात की ते पायाला बोट लावल्यामुळे. असेल. पण मी नाव न घेता बोट लावून बघणार नाहीये.

हक्क तुमचाच आहे, तो यांनी दिलाय आणि मला तो मोडायचा नाही. तुम्ही नको म्हणालात तर नको. तुमचं नाव कागदावर लावू, मी ते म्हणायला शिकेन. फक्त लवकर कळवा, घरी आल्यावर वगैरे नको. एक दिवससुद्धा मला तिला पुन्हा बिननावाची ठेवायची नाही.

कळावे. लोभ मागायची हिंमत होत नाही, तरी असावा.

तुमची
वहिनी


ता. २४ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. या वेळी उत्तमच.

तुझं पत्र काल दुपारी आलं. मला सुट्टी होती. आई मटार सोलत बसली होती. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही म्हणून पत्रं मी मोठ्याने वाचते, तसंच हेही वाचायला लागले. पाकिटाची ओळ आली तेव्हा लक्षात आलं की ही गाळायला हवी होती. तोवर वाचून झाली होती.

आईचे हात थांबले नाहीत. सगळं पत्र ऐकून झाल्यावर म्हणाली की मी माझ्या पोरीला पुरे म्हटलं आणि हिने हिच्या पोरीला थांब म्हटलं, तेव्हा हिचंच बरोबर आहे. मग म्हणाली की ते नाव तुझ्या वडिलांनी ठेवलं असं मी सगळ्यांना सांगत आले, पण ठेवलं मीच, त्यांचं दुसरंच काहीतरी होतं. मग म्हणाली की मटार किडके निघालेत, त्या भाजीवाल्याकडून पुन्हा घेऊ नकोस.

मला राग यायला हवा होता. तोंडही उघडलं होतं. पण राग आला नाही गं. इतक्या वर्षांत हे कोणी माझ्यासमोर सरळ म्हटलंच नव्हतं, ते एकदाचं म्हटलं गेलं, याचंच बरं वाटलं. मग स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. बाहेरून आई ओरडली की पाणी वाया घालवू नकोस.

पहिल्या पोरीच्या वेळी घाई नको असं मीही म्हणाले होते. तू कोणाला दोष दिला नाहीस. मलाही हे आता उगाळायचं नाही, पण तू लिहिलंस ते बरं केलंस. तिला हाक नव्हती हे मला सुचलंच नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांना हाका मारते, आणि हे सुचलं नाही.

आज दवाखाना संपल्यावर कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहिले आणि पहिली हाक मारली. फरशी पुसणारे काका पोछा हातात धरून उभेच राहिले. औषधाच्या खिडकीतला मुलगा कुलपात किल्ली घालून थांबला. म्हटलं, झालंच, माझं म्हणणं खरं ठरलं. दुसऱ्या हाकेला काकांनी विचारलं की बाई, कोण पळून चाललंय? मी त्यांना सांगितलं की माझी भाची आहे, तिचं नाव आहे. तिसऱ्या हाकेला दोघांनीही वर पाहिलं नाही. काका म्हणाले की येईल हो, लहान आहे, जरा दमाने बोलवा.

म्हणजे दोन हाकांनंतर ते नाव होतं. तेवढा वेळ कोणत्याही नावाला द्यावा. आणि हाकेला ते चांगलं आहे. मधला आ तोंड पूर्ण उघडायला लावतो, आणि म्हणून झालं की ओठ आपोआप मिटतात. कॉरिडॉरच्या टोकाला स्पष्ट पोचतं.

तर माझं उत्तर हे. माझ्या हक्काने मी माझ्या भाचीचं नाव थांब ठेवते. कोणी हसलं तर माझ्याकडे पाठव. दोन अटी आहेत. पहिली, तिला मोठी झाल्यावर कळलं पाहिजे की हे तिलाच म्हटलं होतं, दुसऱ्या कोणाला नाही. हे तू सांगायचंस, बारक्याने नाही, तो सांगताना लिफ्टची गोष्ट मध्ये आणेल. दुसरी, तू जेवायचंस.

पत्र पोचेपर्यंत चार दिवस जातील, म्हणून हे टाकायला जाते तेव्हाच वॉर्डात फोन करून सिस्टरला सांगते की चिठ्ठी बदलायची नाही.

कळावे. लोभ मागायला हिंमत लागत नाही, तो तुझाच आहे.

तुझी
अक्का


ता. १७ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलंच, पण तुला वाक्यं पूर्ण हवी असतात म्हणून लिहितो. थांब घरी आली. नळी नाही, दिवा नाही, मशीन नाही. पहिले दोन दिवस मशीनचा आवाज नसल्यामुळे आम्हालाच झोप लागेना. आता ती भरपूर रडते आणि आम्ही दोघं मूर्खासारखे खूश होतो. ही परवापासून घरीच थोडं थोडं शिवायला बसते, एक पाय शिलाईच्या मशीनवर आणि दुसरा पाळण्याला.

काल नाव नोंदवायला गेलो. कारकुनाने पेन उघडलं आणि बाळाचं नाव विचारलं. मी सांगितलं की थांब. त्याने पेन खाली ठेवलं आणि वाट बघत बसला. मीही वाट बघत बसलो. थोड्या वेळाने मी पुन्हा म्हटलं की थांब. तर तो भडकला. म्हणाला की मघापासून थांबलोच आहे, आणि वर मला एकेरीत काय बोलता, थांबा म्हणायची पद्धत आहे. मागच्या रांगेतली माणसं त्याच्या बाजूने झाली. सगळं उलगडून सांगायला बराच वेळ गेला. शेवटी त्याने लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाला की पोरगी मोठी होऊन साहेब झाली तर आम्हाला थांबाताई म्हणावं लागेल. मी म्हटलं की तेवढी मोठी होऊ दे, मग काहीही म्हणा. कारकुनाने मला पाणी दिलं.

हिने तुझं पत्र जपून ठेवलंय. जेवते, अट पाळतेय. पोरीला नाव उलगडून सांगायचं काम तिचं, हे मला मान्य आहे. लिफ्टची गोष्ट मी वेगळी सांगीन.

आता माझं एक ऐक. मी तुला अक्का म्हणालो तेव्हा मला तेवढंच बोलता येत होतं, त्यात माझी काही कर्तबगारी नाही. पण तू म्हणतेस की ते हाक मारण्याजोगं पहिलं नाव. पहिलं म्हणजे पुढे दुसरं असू शकतं. पोरीसाठी इतकी वर्षं काढून ठेवलेलं नाव तसंच पडून आहे. कॉरिडॉरच्या परीक्षेत पास झालेलं, धड, कोणाचा निरोप नसलेलं. आता ते कोणाला देणार? थोरलीची मुलं मोठी झाली, मधलीचीही. आणखी एक बाळ आम्हाला इतक्यात झेपणार नाही.

अक्का, ते तू घे. हिचंही तेच म्हणणं आहे. खरं सांगायचं तर आधी तीच म्हणाली.

कळावे. लोभ आहे तोच ठेव, नाव बदललं तरी.

तुझा
बारक्या


ता. २१ मे

चि. बारक्यास व सौ. वहिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी मोठ्याने म्हटलं की याला वेड लागलंय. या वयात नाव बदलून मी काय करू, अर्ध्याहून जास्त नोकरी झाली! आठवडाभर असंच म्हणत होते. डॉक्टरांना सांगितलं, त्यांना ते वेडेपणाचं वाटलं नाही. काकांना सांगितलं, ते म्हणाले की बाई, आधीचं काय होतं? आधीचं सांगितल्यावर म्हणाले की मग इतके दिवस काय बघत होतात.

शेवटी आईला विचारलं. ती म्हणाली की काय नाव आहे ते सांग. सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं, एकदा हळू आणि एकदा शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग म्हणाली की बरं आहे, हे मला तेव्हा कोणी सुचवलं नाही. एवढंच. पण तेव्हापासून ती मला त्याच नावाने हाक मारते. चहा हवा असला तरी त्याच नावाने, आणि चहा बिघडला तरी त्याच नावाने.

अर्ज केला, कागद मिळाला. छातीवरची पट्टीसुद्धा नवीन करून घेतली, जुन्या पट्टीवर नुसतं स्वागत कक्ष होतं. आणि काल गंमत झाली. मला माझेच डोळे तपासून घ्यायचे होते. रीतसर यादीत नाव लिहिलं होतं. पाळी आली तेव्हा नेहमीसारखं पुकारलं आणि बाकाकडे बघत राहिले, कोण उठतंय ते. कोणी उठेना. मी पुन्हा पुकारलं, जरा जोरात. तरी कोणी नाही. कोपऱ्यातून काका म्हणाले की बाई, ते तुम्ही. सगळे हसले. मीही हसले, आणि या वेळी हसताना मनात दुसरं काही नव्हतं.

तपासलं तर नंबर वाढलाय. तो वाढायचाच.

नाव या पत्रात लिहीत नाही. रागावू नका. ते तुमच्या पोरीसाठी काढून ठेवलेलं होतं आणि मी घेऊन टाकलं. तेव्हा आधी तिला सांगायला हवं. ती पाय झाडील, जांभई देईल, जे करील तो मी होकार समजेन. मग तुम्हाला सांगते. तोवर अक्काच म्हणा. नंतरही म्हटलंत तर मी ओ देईन, ते तुझं दिलेलं आहे, ते काही मी परत करत नाही.

कळावे. लोभ आता दोन्ही नावांवर करावा.

तुमची
अक्का

ता. क. शनिवारी दुपारच्या गाडीने येते. आईही येतेय, तिला मटार सोडून दुसरं काहीही चालेल. गाडीला उशीर झाला आणि पोरगी झोपायला लागली, तर तिच्या कानाशी वाकून एवढंच सांग की आत्या येतेय, थांब.